एक लाख एकसष्ट हजार नऊशे सत्तावन्न

लातूरला औसा रोडच्या नव्या वसाहतींत घराला नाव द्यायची एक ठरलेली रीत आहे. आईचा आशीर्वाद, गुरूची कृपा, कुलदैवत, नाहीतर नवरा-बायकोच्या नावातली दोन-दोन अक्षरं जोडून केलेला एखादा शब्द, ज्याचा अर्थ त्या दोघांनाही सांगता येत नाही. उद्धव पांगरेकर सरांनी मात्र आपल्या घराला आकडा द्यायचं ठरवलं. घर नंबर नव्हे. घर नंबर महापालिकेनं दिलेला होता आणि तो सरांना मुळीच पसंत नव्हता, कारण त्याला तीननं भाग जात होता. सरांनी काळ्या ग्रॅनाइटवर चांगला खोल खोदून, वर सोनेरी रंग भरून पाटी करून घेतली: १६१९५७. बाकी काही नाही. ना नाव, ना गाव, ना वर 'श्री'.

पाटी खोदणाऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, पिनकोड चुकून राहिला तुमचा. लातूरचा चारपासून सुरू व्हतो," तो म्हणाला. सरांनी त्याला समोर बसवलं आणि मूळ संख्या म्हणजे काय ते समजावून सांगितलं. एक आणि ती स्वतः एवढं सोडून जिला कशानंही नि:शेष भाग जात नाही ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, अशा. बाकीच्या सगळ्या संयुक्त, म्हणजे ज्यांचे तुकडे पडतात अशा. माणूस सज्जन होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि रंग सोनेरी भरू का पांढरा, एवढंच विचारलं.

तर हा आकडा म्हणजे सरांची जन्मतारीख. एक, सहा, एकोणीसशे सत्तावन्न. मधल्या रेघा काढून टाकल्या की होतात एक लाख एकसष्ट हजार नऊशे सत्तावन्न, आणि ही संख्या मूळ आहे. पांगरेकर सर जन्मतःच मूळ होते. बत्तीस वर्षं त्यांनी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं, हजारो पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला पाठवली, पण त्यांना विचाराल तर आयुष्यातली मोठी कामगिरी हीच. आता यात त्यांनी स्वतः काय केलं होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. लातूरला सरांना प्रश्न विचारायची पद्धत नाही.

आकडा दिसला की सरांना राहवत नसे. एसटीचा नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक, लग्नाच्या आहेरावरची रक्कम, सगळ्याचे अवयव पाडायचे. माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढताना विमलबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, 'उदो उदो' म्हणत होत्या आणि सर मागून सांगत होते की खाली लावलेल्या जीपच्या नंबरला सतरानं भाग जातो. देवीनं दोघांचंही ऐकून घेतलं असावं.

जन्मतारखेचा शोध लागला तो लग्नानंतर सहा-सात वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुटीत. मूळ संख्या तपासायची तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, त्यापुढं गरज नसते. इथं वर्गमूळ येत होतं चारशे दोनच्या जरा पुढं. म्हणजे दोनपासून चारशे एकपर्यंतच्या एकोणऐंशी मूळ संख्या. कॅल्क्युलेटर हा वाण्यानं वापरायचा, असं सरांचं मत. त्यांनी एकोणऐंशी भागाकार हातानं केले, मग ताळा म्हणून पुन्हा केले. कशानंच भाग गेला नाही. सर घामाघूम होऊन खोलीबाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "विमल, मला कशानंही भाग जात नाही."

"बरं," विमलबाई म्हणाल्या. "मग जाताना तेवढं दळण घेऊन जा."

त्यांना ही बातमी पुरेशी मोठी वाटली नाही, हे सरांनी मनात ठेवलं. त्याच रात्री त्यांनी बायकोची जन्मतारीख तपासली. चार ऑगस्ट बासष्ट, म्हणजे चार लाख एक्क्याऐंशी हजार नऊशे बासष्ट. सम संख्या! दोननं भाग, तीननं भाग, तेरानं भाग, सदतीसनं भाग, एकशे सदुसष्टनं भाग. एकूण विभाजक बत्तीस. सरांना इतका आनंद झाला की त्यांना झोप लागेना. तेव्हापासून घरात विमलबाईंचं नाव 'बत्तीस' पडलं. पाहुण्यांसमोर, सहकाऱ्यांसमोर, अगदी लेकीच्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा. "थांबा, आमच्या बत्तीसला विचारतो." "बत्तीसच त्या, कुणीही यावं आणि भाग घालावा." लोक हसायचे. विमलबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, औसा रोडच्या घराच्या अर्ध्या विटा त्यांच्या पगाराच्या होत्या, आणि त्या हसायच्या नाहीत. सरांना वाटे, बिचारीला विनोद कळत नाही.

आता एक गोष्ट सर कुणाला सांगत नसत. जन्मतारीख शून्य लावून लिहिली, म्हणजे शून्य एक, शून्य सहा, तर आकडा बदलतो. दहा लाख एकसष्ट हजार नऊशे सत्तावन्न होतो, आणि त्याला तेरानं सरळ भाग जातो. हे सरांना त्याच उन्हाळ्यात कळलं होतं आणि त्यांनी ते तिथंच पुरून टाकलं होतं. पण बँकेच्या फॉर्मवर तारखेला आठ चौकोन असतात. दर वेळी सर पुढचे चौकोन मोकळे सोडत आणि दर वेळी काउंटरवरची मुलगी फॉर्म परत करी. "सर, शून्य टाका की." सर म्हणत, "आधीच्या शून्याला किंमत नसते, बाई." ती म्हणे, "मग टाकायला काय जातं?" काय जातं हे सरांना सांगता येत नसे. शेवटी विमलबाई पुढं होऊन शून्यं टाकत आणि सर तोंड फिरवून कॅलेंडरकडं बघत उभे राहत.

निवृत्तीनंतर सरांना हातात वेळच वेळ होता. त्यात त्यांनी आकड्याचा आणखी एक गुण शोधून काढला. चारनं भागल्यावर एक बाकी उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तशी बेरीज एकाच प्रकारे होते. सरांच्या आकड्याची बेरीज निघाली चारशे एकचा वर्ग अधिक चौतीसचा वर्ग. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी हे बायकोला मोठ्या मनानं सांगितलं. "हे बघ, यात तुलाही जागा आहे. चारशे एक म्हणजे मी. चौतीस म्हणजे तू."

विमलबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि माझा चौतीसचा वर्ग काढून घेतला तर?"

"तर चारशे एकचा वर्ग उरतो."

"त्याला चारशे एकनं भाग जातो ना?"

सरांना मान हलवावी लागली.

"म्हणजे मी आहे तोवर तुम्ही मूळ," विमलबाई म्हणाल्या आणि टरफलं गोळा करून आत गेल्या. सरांनी हे बोलणं गणिताच्या दृष्टीनं तपासून पाहिलं. चूक सापडली नाही. म्हणून त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता एक जूनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्याकडं त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनला झालेला आहे. आई-बाप पोराला शाळेत घालायला आणायचे, मास्तर तारीख विचारायचे, आणि आई सांगायची की ज्या साली थोरली म्हैस गेली त्या साली झाला. मास्तर तरी काय करणार? शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा लिहून टाकायचे एक जून. सरांना हे पुरेपूर माहीत होतं. वर्गात हजेरीपट भरताना एक जून दिसला की ते पोराला किंवा पोराच्या बापाला हमखास विचारत, "खरी का हेडमास्तरची?" आणि अशा सगळ्यांना त्यांनी एक नाव ठेवलं होतं, 'हेडमास्तरची लेकरं'. त्यांची स्वतःची एक जून मात्र खरी. कारण लातूरच्याच मुरुडजवळच्या ज्या खेड्यात सर वाढले, तिथल्या शाळेचे हेडमास्तर म्हणजे सरांचे वडीलच. हेडमास्तर लोकांच्या पोरांच्या तारखा ठोकून देतील, स्वतःच्या पोराची कशाला देतील? या युक्तिवादात सरांना अठ्ठावन्न वर्षं काही खोट दिसली नाही, आणि त्याच तारखेच्या हिशोबानं ते मे महिन्याच्या शेवटी निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर दहा वर्षांनी घर बांधून झालं. विमलबाईंनी गृहप्रवेशाला दसरा धरला. पाटीचं अनावरण कुणाच्या हातून करायचं याबद्दल मात्र सरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नांदेडच्या एका महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धम्मप्रिया. संख्यासिद्धान्तात पीएच.डी., आणि सरांच्याच गावच्या. अकरावी-बारावीला सरांच्या वर्गात होत्या. "मीच घडवली तिला," असं सर सगळीकडं सांगत. घडवलं होतं ते असं, की पहिल्याच दिवशी हजेरी घेताना सरांनी तिची जन्मतारीख वाचली आणि भरल्या वर्गात म्हणाले, "अगदीच भुसभुशीत आकडा आहे हो तुमचा!" त्यावर वर्ग हसला होता. ती मुलगी पुढं जन्मभर आकड्यांच्याच मागं लागली, यात सरांचा हात होता हे खरंच म्हणायचं.

सरांनी फोन केला. धम्मप्रिया म्हणाल्या, "सर, दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. सकाळी विहारात वंदना असते."

"म्हणूनच तर!" सर म्हणाले. "सुटी असते सगळ्यांना."

"बघते," एवढं म्हणून धम्मप्रियांनी फोन ठेवला. मग संध्याकाळी त्यांचाच उलट फोन आला. "येते सर. आजीला सोबत आणते. तिलाच यायचंय." सरांनी एक खुर्ची वाढवली.

दसऱ्याच्या सकाळी गेटसमोर मांडव होता. खुर्च्यांवर सगळी निवृत्त मंडळी बसलेली: सरांचे सहकारी, फिरायला जाणाऱ्या गटातले लोक, आणि शेजारचे गुरुबसप्पा, ज्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत होती. पाटीवर पिवळं कापड टाकून दोरी सोडलेली. धम्मप्रिया आल्या, त्यांच्या हाताला धरून पांढऱ्या लुगड्यातली त्यांची आजी पंचफुलाबाई आली. वय चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी, पाठीत वाकलेली, पण डोळे लख्ख. ती खुर्चीत बसली आणि तिथून सरांकडं एकटक बघत राहिली. सर म्हणाले, "या, या, बसा," आणि दुसऱ्या पाहुण्यांकडं वळले. गावची म्हातारी, एवढीच त्यांना तिची ओळख.

मग सरांचं भाषण झालं. ते लांबलं. एकोणऐंशी भागाकार झाले, दोन वर्गांची बेरीज झाली, 'आमच्या बत्तीस'चा विनोदही झाला. आत जिलेबी तळली जात होती आणि मंडळी वासाच्या दिशेनं बसल्या बसल्या कलत चालली होती. विमलबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. शेवटी सरांनी हात जोडून धम्मप्रियांना बोलायला सांगितलं.

धम्मप्रिया उभ्या राहिल्या. "सरांचा आकडा मी तपासला," त्या म्हणाल्या. "तो खरोखरच मूळ आहे. सरांच्या भागाकारात एकही चूक नाही."

सरांनी विमलबाईंकडं पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांनी आज बायकोला कळलं असेल, अशा नजरेनं पाहिलं.

तेवढ्यात गुरुबसप्पा खुर्चीतून अर्धवट उठले. "म्हंजी मॅडम, मी बी मूळच की हो. माझी बी एक जून सत्तावन्नच हाय."

"माझीपण," मागून एक हात वर आला. फिरायच्या गटातल्या आणखी एकाचा आला. मग निवृत्त तलाठ्यांचा. एका कोपऱ्यात दोघं जण एकमेकांकडं बोट दाखवून हसत होते, दोघांचीही तीच. "अर्धा मोंढा मूळ हाय मग!" गुरुबसप्पा म्हणाले आणि मांडवात खसखस पिकली.

सरांचा चेहरा पडला. आयुष्यभर जपलेला दागिना बाजारात ढिगानं मिळतो म्हटल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं. पण ते सर होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "तुमच्या तारखा हेडमास्तरनं ठोकलेल्या आहेत," ते म्हणाले. "माझे वडील स्वतः हेडमास्तर होते. माझी तारीख खरी आहे."

"उद्धवा," पंचफुलाबाई खुर्चीतूनच म्हणाली, "तू जूनचा कसा रं? तू तर दसऱ्याचा."

मांडवात कुणी हसलं नाही. सरांना या वसाहतीत कुणी 'उद्धवा' म्हणत नसे.

"कोण दसऱ्याचा?" सर म्हणाले.

"तू. दीक्षेच्या सालातला." म्हातारीनं काठीवर दोन्ही हात ठेवले. "आमची अख्खी वस्ती नागपूरला निघाली हुती. भाकरी बांधल्या हुत्या, पोरंसोरं गाडीत बसली हुती. म्या नवी नवरी, मला तर लई हौस. अन तुझा बा पळत वस्तीत आला. मास्तरीनबाई अडून राहिलीया, सारजा, तू जाऊ नगंस, म्हनला. सारजा म्हंजी माझी सासू. सुईन हुती ती. गाडीत बसल्याली उतरली बग खाली. म्या बी उतरले तिच्यासंगं. दोन दिस ती तुझ्या मायपाशी बसली. दसऱ्याला तिकडं नागपूरला दीक्षा चालली हुती अन इकडं तू आलास, पायाकडून. पायाळू हायस का न्हाई?"

सर पायाळू होते. लहानपणी गावातली माणसं पाठीत उसण भरली की त्यांना बोलावून नेत आणि पाठीवर पाय द्यायला लावत. हे सगळं गाव जाणत होतं, विमलबाईही जाणत होत्या.

"पुढं गावात दीक्षा झाली, तवा घेतली तिनं," पंचफुलाबाई म्हणाली. "पन बाबासायबाच्या तोंडून घ्यायची ऱ्हाली ती ऱ्हालीच. दोन म्हैन्यांत बाबासायब गेले. सासू मरस्तोवर म्हनायची, हेडमास्तरच्या लेकरापायी माझं नागपूर चुकलं. चिडून न्हाई म्हनायची. हसून म्हनायची, पन म्हनायची." तिनं नातीकडं बोट दाखवलं. "आज बी आमाला विहारात जायाचं हुतं. ही नको म्हनत हुती. म्या म्हनलं, जाऊ. सासूनं जल्माला घातल्यालं लेकरू म्हातारं झाल्यालं एकदा बघू."

आता इथं कुणाही माणसानं खाली वाकून त्या बाईच्या पायाला हात लावला असता. पांगरेकर सरांनी विचारलं, "पुरावा काय? गणितात ऐकीव चालत नाही."

पंचफुलाबाईला प्रश्नच कळला नाही. "पुरावा?" ती म्हणाली. "तू हायस की."

गुरुबसप्पांनी घसा खाकरला आणि जमिनीकडं बघितलं. सर उभेच होते. त्यांना वडील आठवत होते, हेडमास्तरांच्या टेबलाशी बसून एका पाहुण्याला समजावताना: पोराला सहा-आठ महिन्यांनी लहान लिहावं, नोकरी तेवढी लांबते. त्या वेळी ते दुसऱ्या कुणाच्या पोराबद्दल बोलत आहेत असं लहानग्या उद्धवला वाटलं होतं. आणि मग, काही केल्या न थांबता, सरांचं डोकं आपल्या जुन्या खोडीला लागलं. त्या वर्षीच्या दसऱ्याची तारीख शोधायला पंचांग लागत नाही. चौदा ऑक्टोबर छप्पन. एक कोटी एकेचाळीस लाख एक हजार नऊशे छप्पन.

"दोननं भाग जातो," सरांच्या तोंडून निघालं. कुणी विचारलं नव्हतं. "चारनं जातो. अंकांची बेरीज सत्तावीस, म्हणजे नऊनं जातो. अकरानं... अकरानंही जातो."

"मग उरतात पस्तीस हजार सहाशे अकरा, सर," धम्मप्रिया हळू म्हणाल्या. त्यांनी हे आधीच करून ठेवलं होतं, बहुधा नांदेडहून येताना बसमध्येच. "ते एकशे एकोणपन्नास गुणिले दोनशे एकोणचाळीस."

दारातून विमलबाईंनी विचारलं, "एकूण विभाजक किती झाले?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी, की हा माणूस आयुष्यात कशाहीबद्दल फुशारकी मारी, पण गणितात खोटं बोलत नसे.

"बहात्तर," सर म्हणाले.

विमलबाई हसल्या. ट्रेमधले कप वाजले इतक्या हसल्या. बत्तीस म्हणून घेत घेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या बाईचं हसू होतं ते, आणि मांडवातल्या एकाही माणसाला त्यात गैर वाटलं नाही. मग त्या थांबल्या, ट्रे खाली ठेवला आणि पंचफुलाबाईजवळ जाऊन बसल्या. "सारजाबाई ना त्यांचं नाव?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरात कधी कुणी काढलं नाही हो."

सरांच्या कानावरही ते नाव आजच पडलं होतं. दोनपासून चारशे एकपर्यंतच्या एकोणऐंशी मूळ संख्या त्यांना उलट्या-सुलट्या पाठ होत्या. ज्या हातांनी त्यांना या जगात ओढून घेतलं त्या हातांचं नाव त्यांना अडुसष्ट वर्षं माहीत नव्हतं, आणि ते विचारावं असं एकदाही सुचलं नव्हतं. वडिलांनी तारीख खोडली तेव्हा ती बाईही तिच्यासोबत खोडली गेली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सरांना स्वतःची लाज वाटली, आणि ती कशी लपवावी हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण कधी सवयच झालेली नव्हती.

"सर, दोरी ओढा की," मागून कुणीतरी म्हणालं. "जिलेबी गार होऊन राहिली."

धम्मप्रियांनी दोरीला हात लावला नाही. त्या सरांकडं बघत राहिल्या. सरांनी यंत्रासारखी दोरी स्वतःच ओढली. पिवळं कापड खाली पडलं आणि सहाही आकडे उन्हात झगझगले. खोदकाम फार सुबक झालं होतं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि कुणी साथ देत नाही असं बघून थांबवली.

पंचफुलाबाई काठी टेकत उठली. विमलबाईंनी तिला धरलं. ती पाटीपाशी आली आणि शाळा न शिकलेलं बोट तिनं एकेका आकड्याच्या खोबणीतून सावकाश फिरवलं.

"काय लिवलंय रं हे?"

"आकडा आहे, मावशी," सर म्हणाले.

"कशाचा?"

"एक जून सत्तावन्न."

म्हातारीनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, "त्या दिशी काय झालं हुतं?"

सरांनी पाटीकडं पाहिलं. दोरी अजून त्यांच्या हातातच होती.

"काही नाही, मावशी," ते म्हणाले. "त्या दिवशी काहीच झालं नव्हतं."